गोठ्यातलं पातेलं

कोल्हापूरच्या माणसाला परगावी फार सोसावं लागतं. पुण्यात जा, मुंबईत जा, 'आम्ही कोल्हापूरचे' एवढं म्हणायचा अवकाश, समोरच्या माणसाची नजर आपल्या चेहऱ्यावरून सुटते आणि आपल्या मागं कुठंतरी लागते. त्याला आपण दिसत नसतो. त्याला दोन वाट्या दिसत असतात, एक तांबडी आणि एक पांढरी. मग तो आवंढा गिळून विचारतो, "तुमच्याकडे काय बुवा, रोजच मटण असेल!" त्याला कसं सांगावं, की आमच्याही घरी आठवड्यातले तीन-चार दिवस दोडका शिजतो आणि आमचीही पोरं तो बघून तोंडं वाकडी करतात. पण एवढ्या विश्वासानं बघणाऱ्या माणसाचा भ्रमनिरास करणं जिवावर येतं. मी आपला 'हो, चालायचंच' म्हणून पुढं सरकतो.

मात्र या तांबड्या-पांढऱ्या वाट्यांच्या मागं एक तिसरं भांडं होतं आणि त्याच्याविषयी आम्ही कोल्हापूरकर चारचौघांत बोलत नाही. आमच्या घरचं ते भांडं घरात नव्हतंच. ते गोठ्यात होतं. जर्मनचं चांगलं दहा-बारा शेर मावेल असं पातेलं, तळाला काळं कुळकुळीत, काठाला एक पोचा, म्हशीच्या डोक्यावरच्या खुंटीला टांगलेलं. म्हशीला ते चालायचं. आजीला चालत नव्हतं.

"त्ये भांडं उंबऱ्याच्या आत आलं, तर मी उंबऱ्याच्या बाहीर," असं आजीनं लग्नानंतर वर्षाच्या आत आबांना सांगितलं होतं म्हणे. आमचे आबा तालमीत घुमलेले. गल्लीतले दांडगे दांडगे गडी त्यांना वचकून असत. पण आजीपुढं त्यांनी जी माघार घेतली ती अखेरपर्यंत.

त्या पातेल्यात रानडुक्कर शिजायचं. अर्थात घरात तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. घरात म्हणायचं 'शिकार'. थंडीच्या दिवसांत भुदरगडाकडचा आबांचा भाचा सायकलच्या मागं पोतं बांधून परड्याच्या दारानं यायचा आणि हलक्या आवाजात म्हणायचा, "मामा, शिकार आलीया." एवढ्या तीन शब्दांवर घराची दोन राज्यं व्हायची. आजी मधलं दार ओढून घ्यायची. स्वयंपाकघर, देवघर आणि माजघर तिच्या राज्यात. परडं, गोठा आणि न्हाणीची मागची बाजू आबांच्या. आम्ही पोरं सीमाभागातल्या जनतेसारखी, दोन्हीकडं हक्क आणि दोन्हीकडून मार.

एरवी ज्या आबांना घरात मीठ कुठं असतं हे ठाऊक नसायचं, ते त्या दिवशी कासोटा घालून तीन दगडांच्या चुलीपुढं बसत. वाटा कातडीसकट आलेला असे. मग भाताचं पिंजर पेटवून त्याच्या जाळावर कातडीवरचे राठ केस जाळायचे, विळ्याच्या पाठीनं खरवडायचं, पाणी ओतायचं, पुन्हा जाळ, पुन्हा खरवडणं. कातडी तांबूस आणि लखलखीत होईपर्यंत आबांचं समाधान होत नसे. मग तुकडे. ते हळद, मीठ, आलं-लसूण लावून आधी स्वतःच्याच पाण्यात आणि चरबीत शिजवायचे. मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, आणि त्यावर कोल्हापूरची चटणी. चटणी म्हणजे आमच्याकडं कांदा-लसणाचा मसाला. बाहेरगावच्या वाचकांनी इथं नारळाची चटणी टाकू नये. सगळ्यांत शेवटी मूठभर आमसुलं. "चरबीला आंबट पायजे," आबा म्हणायचे, "न्हाईतर ती जिभंवर ठाण मांडून बसती." तीन-तीन तास मंद जाळावर ते रटरटत राही आणि वर बोटभर जाड तांबडा तवंग येई.

वासाला दार ओढून घेता येत नाही. गल्लीतली माणसं हळूहळू परड्याच्या दारानं आत येत. तालमीतले दोन वस्ताद येत. पेन्शनीत निघालेले एक सुभेदार येत. शेजारचे एक गृहस्थ, ज्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नसे, ते नेमके त्याच दिवशी आमची म्हैस बघायला येत. म्हैस बघायला त्यांना दोन भाकऱ्यांएवढा वेळ लागे. आणि रात्री सगळं आटोपल्यावर मधल्या दाराच्या फटीतून आजीचा आवाज येई, "शिजलं का नीट? कच्चं ऱ्हायलं तर पोटात जंत हुत्यात." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. डुकराचं मटण पुरतं शिजवायचं असतं, हे आजही कुठलाही डॉक्टर सांगेल. मुद्दा एवढाच, की बहिष्कार घालूनही पाककृतीवर देखरेख चालू होती.

आता हे सगळं इथंच संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

१९६३ साली मी सहावीत होतो. माझ्या बाकावर माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण तो हे वाचणार आहे आणि चुका काढणार आहे. त्याला आपण बाकसोबती म्हणू. गणितात तो माझ्या पुढं आणि मी त्याच्या पाठीमागं, म्हणजे वहीच्या पाठीमागं. त्याचे वडील दगड फोडायचे. वडारांची वस्ती गावाच्या कडेला होती. आपल्या मुलखातले बांध, विहिरी, रस्ते आणि देवळांचे चौथरे ज्यांनी दगड घडवून उभे केले, ती ही माणसं. त्यांच्या वस्तीवर डुकरं पाळलेली असत, आणि गावातली माणसं तिकडून जाताना नाकाला पदर किंवा टोपी लावत. घर बांधून झालं की दगड घरात येई. दगड घडवणारा मात्र वेशीबाहेरच.

एका रविवारी मी त्याच्याबरोबर गोट्या खेळायला तिकडं गेलो. बघतो तर त्याचे वडील पिंजर पेटवून जाळावर कातडी भाजतायत आणि विळ्यानं खरवडतायत. तोच वास. तीच विळ्याची करकर. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मी खुशीत विचारलं, "शिकार आलीया?" त्याचे वडील मोठ्यानं हसले. "न्हाई बाळा, घरचंच हाय."

मग मी जेवलो. त्याच्या आईनं वाढताना एकदा थांबून विचारलं, "घरात सांगून आलाईस न्हवं?" मी 'व्हय' म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या खोट्यांपैकी हे एक. तिनं नुसत्या लसूण-मिरचीत शिजवलेलं ते कालवण मऊ होतं, आबांच्या रानडुकरापेक्षा कितीतरी मऊ. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

घरी आल्यावर आजीनं लांबूनच ओळखलं. थंडीच्या दिवसांत मला परड्यात उभं करून तिनं थंड पाण्याच्या चार बादल्या घातल्या, वर गोमूत्र शिंपडलं. मी कुडकुडत आबांच्या तोंडाकडं आशेनं बघत होतो. या घरात माझ्या बाजूचा एकच माणूस होता.

"आबा, आपण बी खातोय की," मी म्हणालो.

"ती शिकार."

"मग ह्ये काय?"

"ह्ये डुक्कर."

"मग शिकार म्हंजे डुक्करच की!"

यावर आबांनी माझ्या कानाखाली जे उत्तर दिलं, ते मला पुष्कळ वर्षं पुरलं. आबांच्या हातचा मी खाल्लेला तो पहिला आणि शेवटचा मार.

त्याच्या पुढच्या थंडीत, १९६४ साली, आमच्याकडं शिकार आली होती आणि बाकसोबती माझं भूगोलाचं पुस्तक परत द्यायला परड्याच्या दारात उभा राहिला. आबा माणूस मोठ्या मनाचा. "पोरा, जेवून जा," म्हणाले. सगळे ओळीनं बसलो होतो, पुढ्यात पितळ्या. त्याच्यासाठी आबांनी पत्रावळ मागवली आणि ओळीपासून चार हात लांब, शेणीच्या ढिगाजवळ मांडली. आबांनी ते रागानं केलं नाही, मुद्दामही केलं नाही. पाऊस आला की आपण छत्री उघडतो तसं केलं. त्यानं पत्रावळीकडं बघितलं. आमच्या पितळ्यांकडं बघितलं. मग पातेल्याकडं बघितलं. "आज उपास हाय," म्हणाला आणि गेला. तो बुधवार होता. कोल्हापुरात बुधवारी कुणी उपास करत नाही, बुधवार हा मटणाचा वार.

मी जागचा उठलो नाही. माझ्या पितळीत तवंग आलेला होता.

पुढच्या आठवड्यात तो मागच्या बाकावर जाऊन बसला. गुरुजींनी कारण विचारलं, तर 'लांबचं चांगलं दिसतंय' म्हणाला.

आमच्या सोप्यात राजर्षी शाहू महाराजांचा मोठा फोटो होता. दर ६ मेला, महाराजांच्या पुण्यतिथीला, आबा त्याला हार घालत आणि आम्हाला समोर बसवून गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगत. पागेतल्या गंगाराम कांबळ्यांनी हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराज परगावाहून परतल्यावर त्यांना हे कळलं. त्यांनी मारणाऱ्यांना धडा शिकवला, गंगारामांना हॉटेल काढायला पैसे दिले, आणि भाऊसिंगजी रोडवरच्या त्या 'सत्यसुधारक' हॉटेलापुढं गाडी थांबवून स्वतः चहा प्याले. बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला. गोष्ट इथवर आली की आबांचा आवाज भरून येई. आमच्याही डोळ्यांत पाणी यायचं. त्यांच्याही मनात तोच फोटो होता आणि हातात तीच पत्रावळ. दोन्ही एकाच माणसात कशी राहतात, हे मला तेव्हा कळलं नाही. आता स्वतःकडं बघून थोडंथोडं कळतं.

असो. नोकरी झाली, संसार झाला, आणि निवृत्तीनंतर माणसाला जो इतिहासाचा आजार जडतो तो मलाही जडला. करवीर नगर वाचन मंदिर हे आमच्या गावातलं १८५० सालचं वाचनालय. एवढ्या जुन्या जागी बसलं की आपलं अज्ञानही भारदस्त वाटायला लागतं. इतरजण शिवकालापासून सुरुवात करतात. मी पातेल्यापासून केली. कानाखालचं ते उत्तर बरोबर होतं की चूक, एवढंच मला बघायचं होतं.

आणि मला राजा सोमेश्वर भेटला. कल्याणीच्या चालुक्यांचा हा तिसरा सोमेश्वर. तो ११२६ मध्ये गादीवर बसला आणि ११२९ च्या सुमाराला त्यानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजानं राज्य कसं मिळवावं इथपासून हत्ती कसे ओळखावेत, विडा कसा लावावा, मासे कसे पकडावेत इथपर्यंत शंभर अध्याय. आपल्याकडं सेवानिवृत्तीनंतर लोक आठवणी लिहितात, याने गादीवर असतानाच लिहून टाकलं. त्यातल्या 'अन्नभोग' या भागात राजाच्या ताटात काय काय असावं ते आहे, आणि तिथं, वाचकहो, डुक्कर आहे! नुसतं आहे असं नव्हे, ते साफ कसं करायचं ते आहे. एक पद्धत अशी, की अंगावर पांढरं कापड टाकून वरून कढत पाणी ओतायचं, म्हणजे केस सुटे होतात. दुसरी अशी, की चिखल लिंपून गवताच्या जाळावर भाजायचं. मग तुकडे करून भाजायचे, पातळ पट्ट्या काढायच्या, मसाल्याच्या दह्यात घालायच्या.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. गवताचा जाळ! परड्यातले आबा आणि वस्तीवरचे बाकसोबत्याचे वडील, दोघंही साडेआठशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या आचाऱ्याचं काम करत होते. तिघांच्या हातांत विळा वेगळा असेल, हात एकच होता.

हा सोमेश्वर तसा आमच्या नात्यातलाच निघतो. त्याच्या वडिलांनी, सहाव्या विक्रमादित्यानं, कराडच्या शिलाहार घराण्यातली राजकन्या चंद्रलेखा राणी म्हणून नेली होती, आणि याच शिलाहारांची एक शाखा कोल्हापुरावर राज्य करत होती. सोमेश्वराच्या काळी इथं गंडरादित्य होता, चालुक्यांचा मांडलिक. म्हणजे कोल्हापूरच्या सोयऱ्यांच्या घरात डुकराची पाककृती संस्कृत श्लोकांत बसवली जात होती. गंमत अशी, की त्याच सुमाराला, ११३५ च्या आसपास, गंडरादित्याचा सामंत निंबदेव कोल्हापुरात रूपनारायण बसदी हे जैन मंदिर उभारत होता. जिथं मुंगीलाही धक्का लावायचा नाही ती जागा आणि वराहाची कालवणं, दोन्ही एकाच मुलखात, एकाच काळात. कोल्हापुरात 'आमच्यात चालतं' आणि 'आमच्यात चालत नाही' हा संवाद किती जुना आहे, ते यावरून ध्यानात यावं.

आणि या चालुक्यांचं राजचिन्ह कुठलं? वराह! तोही साधा नव्हे, पृथ्वी दातांवर उचलून धरणाऱ्या विष्णूचा अवतार. त्यांच्या राजमुद्रेवर वराह. दक्षिणेत सोन्याच्या नाण्यालाच 'वराह' म्हणायचे. म्हणजे हा प्राणी देवळात चालला, नाण्यावर चालला, राजाच्या ताटात चालला, आणि आमच्या आजीच्या उंबऱ्याशी येऊन अडला.

आता सोमेश्वराचं ताट आपल्यापुढं आलं तर कोल्हापूरकर एका घासात उठेल. त्यात तांबडं काहीच नसणार! तिखटासाठी मिरी होते, मिरची नव्हती. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि घाट चढून वर आली. ज्या संकेश्वरी मिरचीच्या जिवावर आपण जगाला 'कोल्हापुरी' म्हणून दम देतो, तिचे पूर्वज फिरंगी जहाजातून उतरलेले आहेत. माझ्या ओळखीच्या एका कडव्या कोल्हापूरकराला मी हे सांगितलं, तेव्हा त्यानं तीन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

त्याच गलबतांतून डुकराच्या कालवणांच्या नव्या तऱ्हाही आल्या. राधानगरी, दाजीपूर करत फोंड्याचा घाट उतरलं की तळकोकण, आणि पुढं गोवा. तिथं सोरपोतेल घराघरांत शिजतं. ते मूळचं पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातलं सारापातेल. आज केलेलं परवा जास्त चांगलं लागतं, अशी त्याची ख्याती. विंदालू हा शब्दही तिकडचाच. 'व्हिन्या द आल्योश', म्हणजे दारू आणि लसूण. गोव्यात आल्यावर दारूच्या जागी माडाची व्हिनेगर आली. पुढं कुणीतरी त्यातल्या 'आलू'वर विश्वास ठेवून बटाटे घातले आणि एक नवाच पदार्थ जन्माला आला. तिकडं कूर्गमध्ये कोडव लोकांची पंदी करी. त्यात काचमपुळी नावाचा काळा आंबट अर्क घालतात. सोमेश्वराचं दही, गोव्याची व्हिनेगर, कूर्गची काचमपुळी आणि आबांची आमसुलं! चरबीला आंबट पाहिजे, हे एकमेकांचं तोंड न बघितलेल्या चार घरांना आपापलं कळलेलं होतं. माणसं एका पंक्तीला बसली नाहीत, तरी पातेल्यांचं एकमत होतं.

मग हे 'शिकार' प्रकरण एवढं प्रतिष्ठेचं कसं झालं? तर घोड्यावर बसून भाल्यानं रानडुक्कर मारणं हा राजेरजवाड्यांचा आणि साहेबाचा आवडता मर्दानी खेळ. बालवीर चळवळ काढणारे बेडन-पॉवेल १८८३ साली मीरतकडच्या 'कादिर कप' या डुकराच्या शिकारीच्या शर्यतीत पहिले आले होते, आणि १८८९ मध्ये त्यांनी या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. मी शाळेत बालवीर होतो. आम्हाला फक्त गाठी मारायला शिकवल्या. आमचे शाहू महाराजही या खेळात पट्टीचे. चित्ते पाळून काळवीट धरायचे आणि घोडा घालून भाल्यानं डुक्कर. न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात शिकारीच्या खुणा अजून मांडलेल्या आहेत. तेव्हा भाल्याच्या टोकावरून आलेलं ते रानडुक्कर 'शिकार' आणि वस्तीवरच्या गरिबाच्या दारात वाढलेलं ते 'डुक्कर', असा हा हिशेब. शास्त्रज्ञांना विचाराल तर दोघांची जात एकच. रानातल्यालाच माणसानं कधीकाळी माणसाळवलं. जात दोन झाली ती खाणाऱ्यांवरून.

मला जास्त लागलं ते वेगळंच. ज्या महाराजांच्या भाल्यानं आबांची 'शिकार' मोठी झाली, त्याच महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळायची नाही असा हुकूम काढला होता, आणि १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत ते डॉ. आंबेडकरांच्या शेजारी उभे राहिले होते. आम्ही महाराजांचा भाला घेतला. चहाचा कप मात्र फोटोखाली ठेवून दिला.

पुढचा इतिहास थोडका आहे. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झालं. राजेलोकांचं दाजीपूरचं शिकारीचं रान १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं उरल्यासुरल्या शिकारीलाही आळा घातला, आणि भुदरगडच्या भाच्याची सायकल परड्याच्या दाराशी यायची थांबली. बरंच झालं. रानडुकरं आता रात्री उसात शिरून आमचा सूड घेतात. आजी गेली, आबा गेले, म्हैस गेली. गोठ्याची जागा मोटारीला आली. खुंटीवरचं पातेलं तेवढं माळ्यावर गेलं.

परवाच्या थंडीत मुलगा बेळगावहून येताना फार्मवरच्या डुकराचं दोन किलो मटण घेऊन आला. मी माळ्यावरून पातेलं काढलं, कल्हईवाल्याच्या शोधात गावभर हिंडलो, जर्मनला कल्हई लागत नाही हे त्यानं सांगितल्यावर परत आलो, आणि ते चिंचेनं घासून गॅसवर चढवलं. आमची ही म्हणाली, "कुकर आहे की!" पण इतिहासाला शिट्ट्या मारून चालत नाही. आबांच्या पातेल्यानं पहिल्यांदा उंबरा ओलांडला. स्वयंपाकघरातल्या आजीच्या फोटोकडं पाठ करून मी फोडणी दिली.

बँकेत हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत बाकसोबती दरवर्षी दिसायचा. त्या दिवशी आम्ही जिवंत आहोत एवढं सरकारला कळवायचो, एकमेकांना काही कळवायचो नाही. तो पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. यंदा मात्र मी रांग सोडून त्याच्याजवळ गेलो होतो आणि म्हणालो होतो, "एकदा घरी जेवायला ये. परड्याच्या दारानं न्हवं, पुढच्या." तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला होता. मग म्हणाला होता, "कुठला वार?"

"बुधवार."

तो आला. टेबलावर पातेलं, दोन पितळ्या, भाकऱ्या. त्यानं सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि आतली तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली.

"सतरा वर्सं झाली. दरसाल वारी करतोय. साठ वर्सं लावलीस लेका."

माझं तोंड बघून तोच हसायला लागला. आमच्या हिनं घाईनं पिठलं टाकलं. त्याच पितळीत, त्याच टेबलावर, पातेल्याच्या शेजारी बसून त्यानं पिठलं-भाकरी खाल्ली आणि मी मान खाली घालून माझं कालवण. मध्येच त्यानं नाक पुढं केलं.

"आमसूल कमी पडलंय."

"पडलंय," मी म्हणालो. मग एकदाचं म्हटलं, "त्या दिवशी मी उठाय पायजे हुतं."

"पायजे हुतं," तो म्हणाला, आणि ठेचा पुढं ओढला.

निघताना त्यानं पातेल्यात डोकावून बघितलं. निम्मं शिल्लक होतं. "ह्ये तेच न्हवं?" त्यानं काठाच्या पोच्यावरून बोट फिरवलं. मी मान हलवली. "झाकण दे. घरात नातवंडं खात्यात," म्हणाला, आणि पातेलं उचलून पुढच्या दारानं घेऊन गेला.

आपल्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आठ दिवसांनी ते आलं, त्यात त्याच्या सुनेनं केलेलं कालवण, नुसत्या लसूण-मिरचीतलं, आईच्या पद्धतीचं. माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं झालं होतं. ते मी खाल्लं आणि पातेलं भरून परत पाठवलं. तेव्हापासून ते कुठल्याच एका घरात राहिलेलं नाही.

सध्या ते त्याच्याकडं आहे. त्यामुळं या बुधवारी आमच्याकडं दोडका.